‘गव्हर्न’ची वंशावळ: इंग्रजी क्रियापदाचे लॅटिन आणि ग्रीक मूळ कसे शोधावे

इंग्रजी क्रियापदाचे मूळ शोधायला बसणारा अभ्यासक सुरुवातीला बहुधा एकच चूक करतो. समोरच्या शब्दासारखा दिसणारा एखादा लॅटिन किंवा ग्रीक शब्द त्याला आठवतो, दोहोंच्या अर्थांतही थोडे साम्य जाणवते आणि मधली सारी शतके ओलांडून तो दोघांचे नाते जाहीर करून टाकतो. वंशावळ अशी मांडता येत नाही. खापरपणजोबांचे नाव ठाऊक असले, तरी मधल्या प्रत्येक पिढीचा कागद हाती नसेल तर ती वंशावळ कोणत्याही दाव्यात टिकत नाही, आणि शब्दाच्या बाबतीतही कसोटी तीच आहे. या लेखात ‘गव्हर्न’, म्हणजे राज्यकारभार चालवणे, या क्रियापदाचा माग आपण इंग्रजीतून फ्रेंचमध्ये, फ्रेंचमधून लॅटिनमध्ये आणि लॅटिनमधून ग्रीकमध्ये काढत जाऊ. वाटेत जिथे पाय घसरण्याचा संभव असतो, तिथे थांबून इतर काही क्रियापदेही तपासू.

वही आडवी धरून पानावर पाच रकाने आखावेत: भाषा, शब्दरूप, अर्थ, काळ आणि पुरावा. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे. तो भरेपर्यंत ती ओळ पेन्सिलीतच ठेवावी, शाईने लिहू नये. हे पथ्य मी आजही पाळतो, आणि ते का पाळतो याचे कारण पुढे एका क्रियापदाच्या निमित्ताने येईलच.

साधनांसाठी फार खर्च करावा लागत नाही. पहिला अंदाज घेण्यासाठी ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी विनामूल्य उपलब्ध आहे. ज्या कोशाचा पहिला भाग १८८४ मध्ये निघाला आणि जो पूर्ण व्हायला १९२८ साल उजाडले, तो ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी हा कोश मोठ्या ग्रंथालयांत पाहता येतो. शब्द इंग्रजीत प्रथम कधी आणि कोणत्या वाक्यात आढळतो, हे त्याच्याइतक्या तपशिलाने दुसरीकडे मिळत नाही. मध्ययुगीन इंग्रजीसाठी मिशिगन विद्यापीठाचा मिडल इंग्लिश डिक्शनरी आणि फ्रेंचसाठी ‘त्रेझोर द ला लांग फ्रांसेझ’ हा कोश, हे दोन्ही संगणकावर खुले आहेत. लॅटिनसाठी लुईस आणि शॉर्ट यांचा १८७९ चा कोश आणि ग्रीकसाठी लिडेल आणि स्कॉट यांचा, १८४३ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेला आणि पुढे अनेकदा सुधारलेला कोश वापरावा. हे दोन्ही कोश टफ्ट्स विद्यापीठाच्या पर्सियस या संग्रहात शोधता येतात.

कोशातील व्युत्पत्तीची ओळ वाचण्याची एक रीत असते आणि ती आधी अंगवळणी पाडून घ्यावी लागते. उजवीकडे उघडणारा कोन (<) हे चिन्ह ‘पासून आला’ असे सांगते. शब्दाच्या आधी तारका असेल तर ते रूप कोणत्याही लेखात सापडलेले नसून भाषाशास्त्रज्ञांनी नियमांच्या आधारे मांडलेले आहे, असे समजावे. ‘सी.एफ.’ ही अक्षरे मात्र ‘तुलना करा’ एवढेच म्हणतात. त्यांच्या पुढे आलेला शब्द हा पूर्वज नसून भाऊबंद असतो, आणि घाईने वाचणारे नेमके त्यालाच पूर्वज समजून बसतात.

इंग्रजीतून फ्रेंचकडे

‘गव्हर्न’ची पहिली ओळ भरायला घेऊ. मिडल इंग्लिशच्या कोशात हे क्रियापद ‘गव्हर्नेन’ या शीर्षकाखाली मिळते, कारण त्या काळी क्रियापदाला शेवटी ‘एन’ हा प्रत्यय लागत असे. शब्दाचा वापर तेराव्या शतकाच्या अखेरीपासून दिसू लागतो. काळाच्या रकान्यातली ही नोंद फार काही सांगून जाते. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर दरबार, न्यायालय आणि कारभार यांची भाषा फ्रेंच झाली. साधारण १२५० ते १४०० या काळात फ्रेंच शब्दांचा मोठा लोंढा इंग्रजीत आला. म्हणून या काळात इंग्रजीत उतरलेले कारभाराचे क्रियापद फ्रेंचमधून आले असावे, असे गृहीत धरून शोध सुरू करावा आणि फ्रेंच कोशात त्याची खात्री करून घ्यावी. याउलट एखादे क्रियापद सोळाव्या किंवा सतराव्या शतकात प्रथम दिसत असेल आणि ‘नॅव्हिगेट’प्रमाणे त्याच्या शेवटी ‘एट’ असेल, तर बहुधा विद्वानांनी ते लॅटिन ग्रंथांतून थेट उचललेले असते. तो ‘एट’ म्हणजे लॅटिन भूतकालवाचक धातुसाधिताच्या ‘आतुस’ या शेवटाचा अवशेष होय.

जुन्या फ्रेंचमध्ये आपल्याला ‘गोव्हेर्नेर’ हे रूप मिळते आणि आजच्या फ्रेंचमध्ये ‘गुव्हेर्ने’. अर्थ राज्य चालवण्याचाच आहे. इथे एक सवय लावून घ्यावी: क्रियापद सापडले म्हणजे त्याच्या घरातली नामेही पाहावीत. फ्रेंचमध्ये ‘गुव्हेर्नमां’ म्हणजे सरकार, परंतु ‘गुव्हेर्नाय’ म्हणजे आजही जहाजाचे सुकाणू. कारभाराच्या शब्दाच्या शेजारी सुकाणू दिसले की आपण बरोबर वाटेवर आहोत, हे ध्यानात येते, कारण अर्थाचा जुना थर क्रियापदातून पुसला गेला, तरी तो एखाद्या नामात टिकून राहू शकतो.

लॅटिनमध्ये नेमके कुठे पाहावे

लॅटिन कोशात क्रियापदे वर्तमानकाळी प्रथमपुरुषी एकवचनी रूपाखाली लावलेली असतात. त्यामुळे ‘गुबेर्नारे’ हे भाववाचक रूप शोधणाऱ्याने ‘गुबेर्नो’, म्हणजे ‘मी सुकाणू धरतो’, या शब्दाखाली पाहावे. शाळेत संस्कृत शिकलेल्यांना हे अवघड वाटू नये: ‘गच्छति’साठी आपण ‘गम्’कडे जातो आणि ‘पश्यति’साठी ‘दृश्’कडे.

ही तुलना वरवरची नाही. ‘पश्यति’ आणि ‘दृश्’ ही मुळात दोन वेगळ्या धातूंची रूपे असून व्याकरणात ती एका क्रियापदाची म्हणून नांदतात. लॅटिनमध्ये ‘वाहून नेणे’ या क्रियापदाची स्थिती अशीच आहे. त्याची चार मुख्य रूपे ‘फेरो, फेर्रे, तुली, लातुम’ अशी दिली जातात, आणि कोशकार चारही का देतात हे इंग्रजीकडे पाहिल्यावर कळते. ‘ट्रान्सफर’ हे पहिल्या रूपावरून आले आणि ‘ट्रान्सलेट’ शेवटच्या रूपावरून. दिसायला परकी वाटणारी ही दोन इंग्रजी क्रियापदे एकाच लॅटिन क्रियापदाची आहेत. म्हणून लॅटिनची ओळ लिहिताना चारही रूपे उतरवून घ्यावीत. एकच रूप लिहिणाऱ्याला निम्मे कुटुंब दिसतच नाही.

उपसर्गांचेही असेच आहे. ‘सत्’ आणि ‘जन’ मिळून ‘सज्जन’ होतो, ‘उत्’ आणि ‘लेख’ मिळून ‘उल्लेख’ होतो, हे आपण लहानपणीच शिकतो. लॅटिनमध्ये ‘कॉन’ आणि ‘लेगेरे’ मिळून ‘कोल्लिगेरे’ होते आणि त्यावरून इंग्रजी ‘कलेक्ट’ येते. या उदाहरणात आणखी एक गोष्ट घडली आहे: उपसर्ग लागताच धातूतील ‘ए’चा ‘इ’ झाला. ‘फाकेरे’चे ‘-फिकेरे’ आणि ‘काइदेरे’चे ‘-कीदेरे’ हे बदल त्याच स्वभावाचे आहेत. धातूचा स्वर असा निवळतो हे माहीत नसेल, तर ‘डिसाइड’ आणि ‘कापणे’ या अर्थाचे ‘काइदेरे’ यांचे नाते सापडणार नाही. ‘डिसाइड’ म्हणजे मुळात तोडून टाकणे, आणि तुकडा पाडणे व तंटा निकालात काढणे यांतले अंतर मराठीतही फारसे नाही, कारण आपणही वाद ‘तोडतो’.

याच ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घाकडे दुर्लक्ष झाले तर घात होतो. लॅटिनमध्ये ‘देकीदो’ आणि ‘देकिदो’ असे दोन शब्द आहेत. नेहमीच्या छपाईत दोन्ही अक्षरशः सारखे दिसतात. दीर्घ ‘ई’ असलेला कापण्याच्या धातूचा आहे, तर ऱ्हस्व ‘इ’ असलेला ‘कादेरे’ म्हणजे पडणे या धातूचा आहे. ज्या झाडांची पाने ठरावीक ऋतूत गळतात त्यांना इंग्रजीत ‘डेसिड्युअस’ म्हणतात, तो शब्द या दुसऱ्याचा. चांगल्या कोशात दीर्घ स्वरावर आडवी रेघ असते, ती पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. ‘दिन’ आणि ‘दीन’ यांतला फरक ज्याला कळतो, त्याला या रेघेचे मोल सांगावे लागत नाही.

आता ‘गुबेर्नो’कडे परत येऊ. लॅटिनमध्ये ‘गुबेर्नाकुलुम’ म्हणजे सुकाणू आणि ‘गुबेर्नातोर’ म्हणजे सुकाणूवरचा माणूस. राज्य चालवणे हा लाक्षणिक अर्थही लॅटिनमध्येच रूढ झाला होता आणि सिसेरो या रोमन वक्त्याच्या लेखनात तो वारंवार येतो. म्हणजे अर्थाचे हे स्थित्यंतर इंग्रजीत किंवा फ्रेंचमध्ये घडलेले नाही, त्यांना ते आयते मिळाले. राहिला प्रश्न ‘ब’चा ‘व्ह’ कसा झाला हा. दोन स्वरांमधला लॅटिन ‘ब’ फ्रेंचमध्ये नियमाने ‘व्ह’ होतो: ‘काबाल्लुस’चे ‘शव्हाल’ म्हणजे घोडा, ‘फाबा’चे ‘फेव्ह’ म्हणजे एक कडधान्य. मराठीत ‘दीप’चा ‘दिवा’ आणि ‘ताप’चा ‘ताव’ होतो, तोही स्वरांमधले व्यंजन असेच शिथिल झाल्यामुळे. पुराव्याच्या रकान्यात केवळ ‘ब चा व्ह’ असे लिहू नये. त्याच नियमाची आणखी दोन उदाहरणे शेजारी लिहावीत. ज्या ध्वनिबदलाला जोडीदार मिळत नाही, त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

ग्रीकच्या उंबरठ्यावर

लिडेल आणि स्कॉट यांच्या कोशात ‘कुबेर्नाओ’ या शब्दाखाली आपल्याला सुकाणू धरणे हा अर्थ मिळतो. हा शब्द होमरच्या ओडिसीच्या तिसऱ्या सर्गात आहे आणि तो प्रसंग वाचावा असे मी आग्रहाने सांगेन. ट्रॉयहून परतताना सौनियनच्या भूशिराजवळ मेनेलाउस राजाचा सुकाणूधारी फ्रोंतिस अचानक मरण पावतो. वादळ घोंघावत असताना जहाज हाकण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, असे कवी म्हणतो, आणि मृत्यू आला तेव्हा धावत्या जहाजाचे सुकाणू त्याच्या हातातच होते. ‘जहाज हाकणे’ यासाठी त्या ओळीत आलेले क्रियापद हेच आहे. कोशातला अर्थ पाठ करण्यापेक्षा अशी एक ओळ मुळातून पाहिली, तर ‘गव्हर्न’ शब्द पुन्हा कधी नुसता सरकारी वाटत नाही. राज्याला जहाजाची उपमा देणेही ग्रीकांमध्ये जुने आहे. प्लेटोने सुकाणू कोणाच्या हाती असावे, हा प्रश्न राज्याच्या संदर्भात विस्ताराने मांडला.

‘कुबेर्नान’चे, म्हणजे ‘कुबेर्नाओ’च्या भाववाचक रूपाचे, ‘गुबेर्नारे’ होताना ‘क’चा ‘ग’ झाला, याला जोडीदार आहे का? आहे. ग्रीक ‘कोम्मी’ लॅटिनमध्ये ‘गुम्मी’ झाले आणि तेच इंग्रजीत ‘गम’, म्हणजे डिंक, म्हणून आले. शिवाय ग्रीकच्या उप्सिलॉन या अक्षराच्या जागी लॅटिनमध्ये ‘यू’ आहे, हेही सूचक आहे. रोमन लोकांनी फार पूर्वी, बंदरांवरच्या बोलण्यातून ऐकून घेतलेल्या शब्दांत तिथे ‘यू’ येतो. पुढे ग्रंथ वाचून घेतलेल्या शब्दांत त्याच जागी ‘वाय’ येऊ लागला. अक्षर पाहून उसनवारीचा काळ आणि वाट यांचा अंदाज बांधता येतो, तो असा.

हा फरक किती पक्का असतो ते ‘सायबरनेटिक्स’वरून दिसते. अमेरिकन गणितज्ञ नॉर्बर्ट वीनर यांनी १९४८ मध्ये यंत्रे व प्राणी यांच्या नियंत्रणाच्या शास्त्राला हे नाव दिले, ते ग्रीक ‘कुबेर्नेतेस’ म्हणजे सुकाणूधारी या शब्दावरून. कप्पा या ग्रीक ‘क’च्या जागी ‘सी’ आणि उप्सिलॉनच्या जागी ‘वाय’ ही विद्वानांची लेखनपद्धती त्यांनी पाळली, आणि ‘वाय’च्या आधीचा ‘सी’ इंग्रजीत ‘स’ उच्चारला जातो म्हणून ‘कु’चे ‘साय’ झाले. वाफेच्या यंत्राची गती आवरणाऱ्या भागाला इंग्रजीत ‘गव्हर्नर’ म्हणतात, आणि त्या नावातही तोच ग्रीक सुकाणूधारी आहे, हे वीनर यांना ठाऊक होते. अमेरिकेत राज्याच्या गव्हर्नरसंबंधीचे विशेषण ‘गुबर्नटोरिअल’ असे होते. त्यात लॅटिनचा ‘ब’ जसाच्या तसा आहे. म्हणजे एकच शब्द तीन दारांनी इंग्रजीत आला: फ्रेंचमधून झिजून, लॅटिनमधून अखंड आणि ग्रीकमधून पुन्हा नव्याने.

मराठी वाचकाला हे सांगायला नवी परिभाषा लागत नाही. ‘गव्हर्न’ तद्भव आहे, ‘गुबर्नटोरिअल’ तत्सम आहे. ‘हात’ आणि ‘हस्त’, ‘खीर’ आणि ‘क्षीर’ या आपल्या जोड्यांसारखीच ही जोडी आहे. इंग्रजी क्रियापदांत अशी सर्वांत बोलकी जोडी मला ‘ब्लेम’ आणि ‘ब्लास्फीम’ यांची वाटते. दोन्हींचे मूळ ग्रीक ‘ब्लास्फेमेइन’, म्हणजे अभद्र बोलणे. ते चर्चच्या लॅटिनमध्ये ‘ब्लास्फेमारे’ झाले. लोकांच्या बोलण्यात ते झिजून जुन्या फ्रेंचमध्ये ‘ब्लास्मेर’ झाले आणि इंग्रजीत ‘ब्लेम’ होऊन घरगुती दोषारोपापुरते उरले. पुढे तोच शब्द धर्मग्रंथांच्या वाटेने पुन्हा आला, तो मात्र ईश्वरनिंदेचा मूळ भार घेऊन.

दिसते तसे नसते, तिथे काय करावे

आता पेन्सिलीचे कारण सांगतो. ‘कंपोझ’ हे क्रियापद लॅटिन ‘कोम्पोनेरे’, म्हणजे एकत्र ठेवणे, यावरून आले, असे मी कित्येक वर्षे मानत होतो आणि इतरांनाही तसेच सांगत होतो. ‘कंपोझिशन’ हे नाम खरोखरच त्या लॅटिन शब्दाचे आहे आणि अर्थ तंतोतंत जुळतो, म्हणून शंका यायला जागाच नव्हती. फ्रेंचची पायरी मी तपासलीच नव्हती. ती तपासल्यावर कळले की ‘कंपोझ’ हे फ्रेंच ‘कोंपोझे’वरून आले, त्यातले ‘पोझे’ हे उत्तरकालीन लॅटिन ‘पाउसारे’, म्हणजे थांबणे, विसावणे, यावरून आले, आणि ‘पाउसारे’च्या मागे ग्रीक ‘पाउसिस’, म्हणजे विराम, हा शब्द आहे. विसावणे याचा अर्थ पुढे विसावा देणे, खाली ठेवणे असा झाला आणि त्याने ‘पोनेरे’ची जागा बळकावली. फ्रेंचमध्ये ‘पोनेरे’चा खरा वारस ‘पोंद्र’ हा आहे आणि त्याचा अर्थ आता केवळ अंडी घालणे एवढाच उरला आहे. इंग्रजी ‘सपोझ’, ‘एक्स्पोझ’, ‘डिस्पोझ’ यांचीही हीच कथा आहे. ‘पोनेरे’चा औरस वंश इंग्रजीत हवा असेल तर तो ‘एक्स्पाउंड’ आणि ‘कंपाउंड’मध्ये पाहावा. मधली एक पिढी गाळल्यामुळे मी ग्रीक कुळातल्या शब्दाला लॅटिन कुळात दत्तक देऊन बसलो होतो.

प्रत्ययांवर विसंबण्यातही असाच धोका आहे. ‘बॅप्टाइझ’मधला ‘आइझ’ ग्रीक ‘-इझेइन’चा आहे आणि ते क्रियापदही ग्रीक आहे: ‘बाप्तिझेइन’ म्हणजे पाण्यात बुडवणे. परंतु तो प्रत्यय पुढे इंग्रजीत कोणत्याही शब्दाला लागू लागला. ‘नॅशनलाइझ’मध्ये प्रत्यय ग्रीक असला तरी शब्द लॅटिन आहे. ‘पाणीदार’मधला ‘दार’ फारसी आहे म्हणून ‘पाणी’ फारसी होत नाही. ‘ॲडव्हाइझ’मध्ये तर तो प्रत्ययच नाही. तिथला शेवट ‘पाहणे’ या लॅटिन धातूच्या ‘व्हीसुम’ या रूपाचा आहे.

आपल्याकडच्या अभ्यासकाने आणखी एका मोहापासून दूर राहावे. संस्कृत ‘भरति’, ग्रीक ‘फेरो’ आणि लॅटिन ‘फेरो’ ही एका जुन्या धातूची भावंडे आहेत, हे शंभर टक्के खरे आहे, परंतु भावंड म्हणजे पूर्वज नव्हे, आणि म्हणून ‘ट्रान्सफर’ संस्कृतमधून आले असे म्हणता येत नाही. अर्थाच्या साम्याचेही तेच. संस्कृत ‘कर्णधार’ म्हणजे सुकाणू धरणारा, कारण ‘कर्ण’ या शब्दाचा सुकाणू हाही एक अर्थ आहे. आज आपण तो शब्द क्रिकेट संघाच्या प्रमुखासाठी वापरतो आणि एखाद्या कामाची दिशा ठरवणाऱ्या मंडळाला ‘सुकाणू समिती’ म्हणतो, ज्यातले ‘सुकाणू’ अरबीतून आलेले आहे. ग्रीक, संस्कृत आणि अरबी अशा तीन वेगळ्या शब्दांनी समुद्रावरून राज्यात आणि कामकाजात तोच प्रवास केला, पण त्यांच्यात रक्ताचे नाते नाही. अशी साम्ये वहीत जरूर टिपावीत, मात्र वंशावळीच्या पानावर नव्हे, समोरच्या कोऱ्या पानावर.

‘गव्हर्न’चे पान आता शाईने लिहिता येईल: इंग्रजी ‘गव्हर्न’, तेराव्या शतकाची अखेर, जुने फ्रेंच ‘गोव्हेर्नेर’, लॅटिन ‘गुबेर्नारे’, सुकाणू धरणे, पुढे राज्य चालवणे, ग्रीक ‘कुबेर्नान’, जहाज हाकणे, होमरपासून. त्याखाली आणखी एक ओळ ओढण्याची इच्छा होते, पण ती ओढू नये. ग्रीकच्या मागे या शब्दाला इतर इंडो-युरोपीय भाषांत खात्रीची भावंडे सापडलेली नाहीत, आणि ग्रीक लोक त्या किनाऱ्यांवर येण्यापूर्वी तिथे बोलल्या जाणाऱ्या एखाद्या भाषेतून तो घेतला असावा, असे मानण्याकडे अनेक अभ्यासकांचा कल आहे. तेवढे पेन्सिलीने लिहावे आणि पान उलटावे.